चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स: विजेत्यांच्या निमंत्रित स्नूकर स्पर्धेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही स्पर्धा नेमकी काय आहे?

चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स ही व्यावसायिक स्नूकरमधील निमंत्रितांची स्पर्धा आहे. मागील वर्षभरात महत्त्वाच्या स्पर्धा जिंकलेल्या खेळाडूंना तिचे निमंत्रण मिळते. एकूण सोळा खेळाडू असतात, स्पर्धा साधारणपणे नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये होते आणि एका आठवड्यात संपते. आजच्या स्वरूपातील स्पर्धा मॅचरूम स्पोर्ट या संस्थेने 2013 मध्ये सुरू केली. तिच्या आधी शरद ऋतूत होणारी स्नूकरची प्रीमियर लीग 2012 मध्ये बंद झाली होती आणि वेळापत्रकातील तिची जागा या स्पर्धेने घेतली.

येथील ‘विजेते’ म्हणजे निवृत्त किंवा ज्येष्ठ खेळाडू का?

नाही. हा गैरसमज नावामुळे होतो. येथे येणारे खेळाडू खेळाच्या भरात असलेले व्यावसायिक असतात. ‘विजेता’ या शब्दाचा अर्थ येथे ‘गेल्या बारा महिन्यांच्या आसपास काहीतरी जिंकलेला’ इतकाच आहे. दहा वर्षांपूर्वी जगज्जेता ठरलेल्या खेळाडूला केवळ त्या जुन्या पराक्रमावर प्रवेश मिळत नाही. चाळिशी ओलांडलेल्या खेळाडूंसाठी जागतिक ज्येष्ठ अजिंक्यपद ही निराळी स्पर्धा आहे आणि जिमी व्हाइटसारखे जुने लोकप्रिय खेळाडू तेथे दिसतात.

निमंत्रण कोणाला मिळते?

जागतिक अजिंक्यपद, यूके चॅम्पियनशिप आणि मास्टर्स या तीन मानाच्या स्पर्धांचे विजेते, या स्पर्धेचा गतविजेता आणि वर्षभरातील क्रमवारीच्या स्पर्धांचे (ज्यांतील बक्षिसाची रक्कम जागतिक क्रमवारीत धरली जाते) विजेते असा यादीचा गाभा असतो. त्यात काही निवडक निमंत्रितांच्या स्पर्धांची भर पडते. पात्रतेच्या स्पर्धांची यादी दरवर्षी थोडी बदलते, कारण स्नूकरचे वेळापत्रकच बदलत असते. एखादी स्पर्धा बंद पडते, एखादी नव्याने सुरू होते आणि एखादी पुढच्या हंगामात ढकलली जाते.

एकाच खेळाडूने तीन-चार स्पर्धा जिंकल्या तर काय होते?

त्याला एकच जागा मिळते. उदाहरणार्थ, मार्क ॲलनने नोव्हेंबर 2022 मध्ये यूके चॅम्पियनशिप आणि जानेवारी 2023 मध्ये वर्ल्ड ग्रां प्री जिंकली. दोन विजेतेपदे त्याच्या नावावर लागली, पण 2023 च्या स्पर्धेत तो अर्थातच एकदाच उतरू शकत होता. अशा प्रकारे सोळा जागा पूर्ण भरत नाहीत, तेव्हा उरलेल्या जागा जागतिक क्रमवारीचा आधार घेऊन भरल्या जातात. त्यामुळे क्वचित असा खेळाडूही दिसतो ज्याने त्या वर्षी काहीच जिंकलेले नसते. स्पर्धेचे नाव पाहता हे खटकते, हे मान्य करायला हवे. तरीही बारा किंवा तेरा खेळाडूंची विस्कळीत सोडत काढण्यापेक्षा ही तडजोड बरी आहे, असे माझे मत आहे.

लहान स्पर्धा जिंकणारा आणि जगज्जेता यांना समान मान देणे योग्य आहे का?

हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि तो रास्त आहे. जागतिक अजिंक्यपद जिंकण्यासाठी शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये सतरा दिवसांच्या स्पर्धेत पाच सामने जिंकावे लागतात. त्या पाच सामन्यांत मिळून किमान 71 फ्रेम (फ्रेम म्हणजे सामन्यातील एक डाव) खिशात घालाव्या लागतात. दुसऱ्या टोकाला शूट आउट ही स्पर्धा आहे. तेथे प्रत्येक सामना एका फ्रेमचा आणि जास्तीत जास्त दहा मिनिटांचा असतो, आणि प्रत्येक फटक्याला घड्याळाची मर्यादा असते. या दोन विजेतेपदांना एकाच तराजूत तोलणे कोणालाही पटणार नाही.

पण दार उघडे ठेवण्याचा फायदा 2017 मध्ये दिसला. शॉन मर्फीने त्या वर्षी मार्चमध्ये जिब्राल्टर ओपन जिंकली होती. तिचे सामने आखूड असतात आणि मानाच्या यादीत ती फार खाली येते. तोच मर्फी नोव्हेंबरमध्ये चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्सच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि रॉनी ओ’सलिव्हनला 10–8 असे हरवून विजेता ठरला. प्रवेश कोणत्या दाराने मिळाला याला आत आल्यावर काही अर्थ उरत नाही, कारण समोर येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्या वर्षी कोठे ना कोठे शेवटपर्यंत टिकून राहिलेला असतो.

सामन्यांची रचना कशी असते?

सोळा खेळाडूंचे चार जणांचे चार गट पडतात. प्रत्येक गटाला एक दिवस दिलेला असतो आणि त्या गटाचा सारा निकाल त्याच दिवशी लागतो. दुपारच्या सत्रात गटातील दोन उपांत्य सामने होतात. ते ‘बेस्ट ऑफ 7’ असतात, म्हणजे जो आधी चार फ्रेम जिंकतो तो पुढे जातो. त्यांचे विजेते संध्याकाळी गटाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर येतात आणि तेथे सहा फ्रेम जिंकाव्या लागतात. चार गटविजेत्यांमध्ये मग दोन उपांत्य सामने होतात, तेही सहा फ्रेमपर्यंत. रविवारी अंतिम सामना ‘बेस्ट ऑफ 19’ असा दोन सत्रांत खेळला जातो आणि तो जिंकण्यासाठी दहा फ्रेम लागतात.

विजेत्याच्या नजरेने हा हिशेब मांडला तर चार सामने आणि किमान 26 फ्रेम असा होतो. आकडा लहान दिसतो, पण त्यातील दहा फ्रेम गटाच्या एकाच दिवशी जिंकायच्या असतात. दोन्ही सामने निर्णायक फ्रेमपर्यंत गेले, तर त्या दिवशी खेळाडूला तब्बल अठरा फ्रेम खेळाव्या लागतात. दुपारचा सामना उशिरा संपला की संध्याकाळच्या प्रतिस्पर्ध्याला जास्त विश्रांती मिळते, आणि रात्री दहानंतरच्या फ्रेममध्ये हा फरक हातात उतरतो. लांबच्या लाल चेंडूवर क्यू (खेळण्याची काठी) किंचित तिरका जातो, चेंडू पॉकेटच्या जबड्यात दोनदा आपटून बाहेर थांबतो आणि सरावाच्या टेबलावर डोळे मिटून जाणारा फटका चुकतो.

‘बेस्ट ऑफ 7’ हा प्रकार इतक्या मोठ्या खेळाडूंवर अन्याय करणारा नाही का?

लांब सामन्यांत अधिक सरस खेळाडू जिंकण्याची शक्यता वाढते, यात वाद नाही. क्रूसिबलवर पहिल्या फेरीतही दहा फ्रेम जिंकाव्या लागतात, आणि तेथे 0–3 अशी सुरुवात झालेला खेळाडू शांतपणे चहा पिऊन परत येऊ शकतो. येथे 0–3 म्हणजे एक फ्रेम गेली की घर.

आखूड सामन्याची कठोरता एका फ्रेमच्या उदाहरणाने समजेल. समजा, गुणफलक 3–3 असा आहे आणि सुरुवातीचा फटका तुमचा आहे. पांढरा चेंडू लाल चेंडूंच्या त्रिकोणाच्या कडेला हलका लावून, तीन कुशनांना (टेबलाच्या रबरी कडांना) स्पर्श करत परत बॉल्क कुशनपाशी, म्हणजे जेथून सुरुवात केली त्या टोकाच्या कडेपाशी, आणायचा असतो. तो कडेच्या लाल चेंडूला थोडा जाड लागला, तर एक लाल चेंडू मोकळ्यावर येतो आणि पांढरा चेंडू कुशनपासून वीतभर पुढे थांबतो. प्रतिस्पर्ध्याला क्यूच्या आधारासाठी टेबलावर हात नीट टेकायला तेवढी जागा पुरते. तो लांबून लाल चेंडू कोपऱ्यातील पॉकेटमध्ये घालतो आणि पांढरा चेंडू काळ्याच्या मागे बरोबर कोनात आणतो. त्यानंतर दहा मिनिटे तुम्ही खुर्चीत बसलेले असता. फ्रेम संपते, हस्तांदोलन होते आणि तुमच्या स्पर्धेतील शेवटचा फटका तो सुरुवातीचाच ठरतो. चूक काही मिलिमीटरची असते आणि तिची भरपाई करण्याची संधी रचनेतच नसते.

माझ्या मते हा अन्याय नाही. सोळाही खेळाडूंना हाच नियम लागू असतो, आणि पहिल्या फटक्यापासून पूर्ण लक्ष देऊन खेळणे हेही विजेत्याचे कौशल्यच आहे. मात्र गटातील उपांत्य सामना नऊ फ्रेमचा केला, तर खेळाचा दर्जा अधिक मोकळेपणाने दिसेल, असे मला मनापासून वाटते.

समालोचक ‘आता याला स्नूकर हवेत’ असे म्हणतात, त्याचा अर्थ काय?

टेबलावर शिल्लक असलेल्या गुणांपेक्षा पिछाडी मोठी झाली, की केवळ चेंडू पॉकेटमध्ये घालून फ्रेम जिंकता येत नाही. चार लाल चेंडू उरले असतील, तर प्रत्येक लालचा 1 आणि त्यासोबत काळ्याचे 7 धरून 32 गुण होतात आणि शेवटच्या सहा रंगीत चेंडूंचे 27, असे एकूण 59. आघाडी 60 झाली, तर मागे असलेल्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला अडचणीत टाकून फाउलचे गुण मिळवणे भाग पडते. पांढऱ्या चेंडूपासून लक्ष्याच्या चेंडूपर्यंतची सरळ वाट दुसऱ्या चेंडूने अडवणे म्हणजे स्नूकर घालणे. फाउलचे किमान चार आणि कमाल सात गुण मिळतात. बरेच खेळाडू अशा वेळी फ्रेम सोडून देतात, पण निर्णायक फ्रेममध्ये टेबल सोडायला कोणीच तयार नसतो, आणि तेव्हा निव्वळ सेफ्टीचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सोपी संधी न देण्याचा, खेळ पाहायला मिळतो.

मास्टर्स आणि या स्पर्धेत फरक काय?

दोन्ही निमंत्रितांच्या स्पर्धा आहेत, दोन्हींत सोळा खेळाडू असतात आणि दोन्हींचा अंतिम सामना दहा फ्रेमपर्यंत असतो, त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. फरक निवडीच्या निकषात आहे. 1975 पासून चालत आलेल्या मास्टर्समध्ये जागतिक क्रमवारीतील पहिले सोळा खेळाडू येतात. क्रमवारी दोन वर्षांच्या बक्षिसाच्या रकमेवर ठरते, म्हणून एकही स्पर्धा न जिंकता सातत्याने उपांत्य फेरी गाठणारा खेळाडूही तेथे सहज पोहोचतो. मास्टर्स सातत्याचा सन्मान करते, तर चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी टिकून राहण्याचा. प्रतिष्ठेत मास्टर्स पुढे आहे, यात शंका नाही. परंतु ‘या वर्षी कोण जिंकत होते?’ या प्रश्नाचे उत्तर मला येथील यादीत अधिक प्रामाणिकपणे मिळते.

येथील विजयाचे क्रमवारीत गुण का धरले जात नाहीत?

क्रमवारीच्या स्पर्धेत सर्व व्यावसायिक खेळाडूंना प्रवेशाची संधी असावी, हे सर्वसाधारण तत्त्व आहे. सोळाच जणांना खुल्या असलेल्या स्पर्धेतील रक्कम क्रमवारीत धरली, तर जे आधीच वर आहेत ते आणखी वर जातील आणि खालून येणाऱ्यांची वाट अधिक अवघड होईल. म्हणून मास्टर्सप्रमाणेच ही स्पर्धाही क्रमवारीबाहेर ठेवलेली आहे, आणि हे योग्यच आहे.

बक्षिसाची रक्कम किती असते?

2024 मध्ये एकूण रक्कम 4,40,000 पौंड होती. विजेत्याला 1,50,000 पौंड आणि उपविजेत्याला 60,000 पौंड मिळाले. उपांत्य फेरीत हरलेल्यांना प्रत्येकी 30,000, गटाच्या अंतिम सामन्यात हरलेल्यांना 17,500 आणि पहिल्याच सामन्यात बाद झालेल्यांना 12,500 पौंड देण्यात आले.

स्पर्धेचा इतिहास 2013 च्या आधी जातो का?

होय, आणि तो भाग बहुतेक प्रेक्षकांना ठाऊक नसतो. 1978 मध्ये लंडनच्या वेम्ब्ली कॉन्फरन्स सेंटरमध्ये याच नावाची स्पर्धा झाली होती. त्या वर्षी सहाव्यांदा जगज्जेता ठरलेल्या रे रिअर्डनने मास्टर्सच्या विजेत्या ॲलेक्स हिगिन्सला 11–9 असे हरवले. त्यानंतर 1980 मध्ये न्यू लंडन थिएटरमध्ये स्पर्धा भरली. डग माउंटजॉयने 1978 ची यूके चॅम्पियनशिप जिंकलेली होती आणि जॉन व्हर्गोने 1979 ची. या दोघांच्या अंतिम सामन्यात माउंटजॉय 10–8 असा जिंकला. पुढे तेहतीस वर्षे हे नाव वापरात नव्हते.

स्पर्धा कोठे भरते?

2013 ते 2019 या काळात कॉव्हेंट्रीतील रिको अरिना हे तिचे घर होते. 2020 मध्ये महासाथीमुळे ती मिल्टन कीन्समधील मार्शल अरिनात, प्रेक्षकांविना, खेळवावी लागली. 2021 ते 2024 या काळात ती बोल्टनमधील फुटबॉल स्टेडियमच्या संकुलात झाली.

आजवर कोणी सर्वाधिक यश मिळवले?

2013 ते 2024 या बारा स्पर्धांचा विचार केला, तर ओ’सलिव्हनचे नाव सर्वांत वर येते. त्याने 2013, 2014, 2018 आणि 2022 अशी चार विजेतेपदे मिळवली आणि 2016 व 2017 मध्ये तो उपविजेता होता. बारापैकी सहा अंतिम सामन्यांत एकच माणूस असणे, तेही जेथे जवळजवळ प्रत्येक प्रतिस्पर्धी विजेता असतो तेथे, ही साधी गोष्ट नाही. नील रॉबर्टसनने 2015 आणि 2019 मध्ये, तर मार्क ॲलनने 2020 आणि 2023 मध्ये विजेतेपद पटकावले. जॉन हिगिन्स 2016 मध्ये आणि मर्फी 2017 मध्ये जिंकला.

जड ट्रम्पची कथा मला अधिक चटका लावते. 2021 मध्ये त्याने हिगिन्सला 10–4 असे सहज हरवले. पण त्याच्या आधी 2014 आणि 2019 मध्ये, आणि नंतर लागोपाठ 2022 आणि 2023 मध्ये, तो अंतिम सामना हरला. यातील 2019 चा पराभव 9–10 असा होता. 2023 मध्ये ॲलनने त्याला 10–3 असे हरवले आणि या बारा अंतिम सामन्यांतील तो सर्वांत एकतर्फी निकाल आहे. त्याउलट 2018 आणि 2019 ही सलग दोन वर्षे अंतिम सामना एकोणिसाव्या फ्रेमपर्यंत गेला. 2018 मध्ये ओ’सलिव्हनने कायरन विल्सनला 10–9 असे रोखले.

2024 चा निकालही लक्षात ठेवण्यासारखा आहे. वयाच्या 49 व्या वर्षी मार्क विल्यम्सने शिआओ गुओदोंगला 10–5 असे हरवले. त्या वर्षी एप्रिलमध्ये टूर चॅम्पियनशिप जिंकून त्याने आपली जागा कमावली होती. शिआओ हा या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला पहिला चिनी खेळाडू ठरला.

महिला खेळाडूंना या स्पर्धेत स्थान आहे का?

काही वर्षी महिलांच्या जागतिक विजेतीला निमंत्रण देण्यात आले आहे. 2019 मध्ये रिॲन इव्हान्स या स्पर्धेत खेळली आणि तिच्यासमोर शॉन मर्फी होता. ती 3–2 अशी पुढे होती, म्हणजे विजयापासून एकच फ्रेम दूर. शेवटी मर्फीने 4–3 अशी सुटका करून घेतली. निमंत्रण केवळ शोभेसाठी दिले, असे म्हणणाऱ्यांनी तो सामना पाहावा.

या स्पर्धेत 147 चा ब्रेक (एकाच खेळीत सलग मिळवलेले गुण) झाला आहे का?

होय. पंधरा लाल चेंडू, प्रत्येकासोबत काळा आणि शेवटी सर्व रंगीत चेंडू असे सलग छत्तीस चेंडू पॉकेटमध्ये गेले, की 147 गुण होतात. 2022 च्या अंतिम सामन्यात ट्रम्पने ओ’सलिव्हनविरुद्ध तो साधला. अंतिम सामन्यात, पिछाडीवर असताना, अशा प्रतिस्पर्ध्यासमोर केलेला तो ब्रेक कितीही सुंदर असला तरी गुणफलकावर त्याची किंमत एकाच फ्रेमची होती, आणि ट्रम्प तो सामना 6–10 असा हरला.

भारताचा या स्पर्धेशी काही संबंध आहे का?

संबंध आहे तो पात्रतेच्या वाटेने. 2013 ते 2017 या काळात इंडियन ओपन ही क्रमवारीची स्पर्धा भारतात चार वेळा झाली. दिल्लीत डिंग जुनहुई, मुंबईत मायकेल व्हाइट, हैदराबादमध्ये अँथनी मॅक्गिल आणि विशाखापट्टणमला जॉन हिगिन्स असे तिचे विजेते झाले. दिल्लीतील स्पर्धा ऑक्टोबर 2013 मध्ये, म्हणजे चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्सच्या नव्या पर्वाच्या अगदी तोंडावर झाली, आणि तिच्या अंतिम सामन्यात भारताचा आदित्य मेहता पोहोचला होता. डिंगने तो सामना 5–0 असा जिंकला. क्रमवारीच्या विजेतेपदाच्या इतक्या जवळ तोपर्यंत दुसरा भारतीय गेला नव्हता.

प्रथमच पाहणाऱ्याने कोणता सामना निवडावा?

अंतिम सामना सर्वांनाच खुणावतो, पण माझी शिफारस गटाच्या दिवसाची आहे. दुपारी पहिल्या फ्रेमपासून बसावे आणि संध्याकाळी त्याच खेळाडूला पुन्हा पाहावे. दुपारी तो फटक्याआधी एकदा वाकून लगेच खेळत होता, आता मध्येच उभा राहून क्यूच्या टोकाला पुन्हा चॉक लावतो आहे का, हे बघावे. पांढरा चेंडू काळ्यापाशी नेमका थांबतो आहे, की दर दोन फटक्यांनी त्याला निळ्या किंवा गुलाबी चेंडूकडे वळावे लागते आहे, याकडेही लक्ष द्यावे. गुणफलक 5–5 असा झाला, तर तेव्हा मात्र खुर्चीवरून उठू नये.